तीन मिलिमीटर कापलेला टप

मॉडेलची छोटी गाडी पूर्ण होऊन बावीस दिवस झाले होते. शेल्फवरची धूळ झटकायला मऊ ब्रश हातात घेतला आणि खिडकीतला तिरपा उजेड टपावर पडला, तेव्हा टपाच्या मधोमध, डावीकडून उजवीकडे गेलेली एक उथळ पन्हळ दिसली. बोट फिरवलं तर हाताला काहीच लागेना. गाडी जरा वळवली की पन्हळ गायब, परत वळवली की हजर. मग भिंग काढलं. समोरच्या काचेच्या दोन्ही खांबांवर केसाएवढ्या दोन रेघा होत्या. रंग लावला त्या दिवशी यातलं काहीही नव्हतं. तेव्हाचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यात टप आरशासारखा दिसतो.

स्केल मॉडेल करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. सांधा बुजवला, घोटला, रंगवला आणि काही आठवड्यांनी तो रंगाखालून पुन्हा वर आला, याला आमच्यात ‘भुताची रेघ’ म्हणतात. भूत का येतं, हे मला ऐकून माहीत होतं. या गाडीमुळे ते नीट तपासून बघायची वेळ आली.

गाडी १९३२ ची फोर्ड, थ्री-विंडो कूपे, म्हणजे समोरची काच सोडून तीन खिडक्यांची, दोन दरवाजांची. प्रमाण १/२५, साहित्य नेहमीचं पॉलिस्टायरिन प्लास्टिक. हॉट रॉडच्या, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून पळवणाऱ्यांच्या दुनियेत या सालाच्या फोर्डला ‘ड्यूस’ म्हणतात, १९३२ मधल्या शेवटच्या दोनावरून. फोर्डने याच वर्षी आपलं फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन आणलं. २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर. आज आकडा किरकोळ वाटतो, पण सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत आठ सिलिंडर ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळायला लागल्या, तशा कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, बंपर काढले आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर नेऊन पळवल्या. या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. टप कापून खाली आणायचं खूळही याच वळणाचं. गाडी बुटकी झाली की समोरून वारा अडवणारं क्षेत्र कमी होतं. नंतर वाऱ्याचं कारण मागे पडलं आणि दिसणं उरलं.

मडगार्ड काढलेली ड्यूस इतकी देखणी दिसते, याला एक साधं कारण आहे. आधीच्या मॉडेल ए मध्ये चासीचा दांडा पत्र्याच्या झालरीखाली झाकलेला असायचा. १९३२ मध्ये ती झालर गेली आणि दांडा बाहेरून दिसायला लागला, म्हणून फोर्डने त्यावर लांबच लांब उठावाची रेघ काढली. मडगार्ड उतरवले तरी गाडी उघडी-बोडकी वाटत नाही ती यामुळे. मॉडेल करताना ही रेघ जाड रंगाने भरून टाकणं हा गुन्हा आहे, आणि मी तो एकदा केलेला आहे.

तर, १/२५ प्रमाणात खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर. हिशोबाला फार सोयीचं. खऱ्या गाडीचा १०६ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) इथे १०७.७ मिलिमीटर भरतो. टप तीन इंच कापायचा तर मॉडेलवर जेमतेम तीन मिलिमीटर. ऐकायला किती सोपं वाटतं.

टप कापण्यात कापणं हा सोपा भाग. तीन मिलिमीटर रुंदीची टेप प्रत्येक खांबावर गुंडाळायची आणि टेपच्या वर एक, खाली एक असे दोन काप घ्यायचे. करवतीचं पातं स्वतः पाव मिलिमीटरच्या आसपास खातं, म्हणून पातं टेपवर चालवायचं, टेपच्या बाहेर नाही. हे विसरलं तर तीनाचे साडेतीन होतात. सगळे खांब एकाच उंचीवर कापायचे नसतात. ज्या खांबाचा जो भाग जास्तीत जास्त सरळ असेल, तिथे तो कापायचा.

खरी पंचाईत टप खाली ठेवल्यावर कळते. समोरची काच किंचित मागे कललेली असते. माझ्या किटवर कोनमापकाने बघितलं तर साधारण दहा अंश. म्हणजे टप तीन मिलिमीटर सरळ खाली आणला की वरचा खांब खालच्या खांबाच्या अर्धा मिलिमीटर मागे पडतो. मागचा पत्राही वरच्या बाजूला आत कललेला, त्यामुळे तिथे उलट्या दिशेने फट पडते. थोडक्यात, कापलेला टप खालच्या अंगाला तोकडा पडतो, आखूड झालेल्या सदऱ्यासारखा. खऱ्या गाडीवर काम करणारे दोन वाटा काढतात. खांब मागे कलवायचे, नाहीतर टप आडवा कापून मध्ये पट्टी घालायची. मी दुसरी वाट धरली. दरवाजाच्या मागच्या कडेच्या रेषेत टप आडवा कापला आणि मध्ये १.२ मिलिमीटर रुंदीची स्टायरिनची पट्टी बसवली. पट्टी टपापेक्षा थोडी पातळ होती. वरून लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरून सपाट करू, असा विचार. या विचाराकडे पुढे परत यायचं आहे.

एक टप खाली आला की गाडीत काय काय हलतं, तेही सांगतो, कारण किटच्या माहितीपत्रकात ते नसतं. किटमधली काच वाया जाते. सगळ्या काचा पारदर्शक शीटमधून नव्याने कापाव्या लागतात. सीटची पाठ खिडकीतून डोकावते, ती घासून कमी करायची. स्टिअरिंगचं चाक डॅशबोर्डच्या वर येतं, म्हणून त्याचा दांडा तिरपा करायचा. हे सगळं मी मन लावून केलं. सीट तर दोनदा केली. चुकलो ते दुसरीकडेच.

रंगाची वही काढून बघितली तेव्हा आधी स्वतःचाच राग आला. शनिवारी रात्री सगळे सांधे पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या द्रावकाने) जोडले. रविवारी संध्याकाळी घोटले. रविवारी रात्री लांबी, एका थरात, पट्टीच्या जागी जवळजवळ एक मिलिमीटर खोल. सोमवारी घोटून प्रायमर, रंगाखालचं अस्तर. बुधवारी काळा. शुक्रवारी क्लिअर कोट, वरचा पारदर्शक थर. पुढच्या रविवारी दोघा-तिघा मित्रांना दाखवायची होती, बाकी काही कारण नाही.

त्यात रंग काळा, तोही चकचकीत. पांढरा किंवा फिका पिवळा असता तर कदाचित आजही काही दिसलं नसतं. काळा चकचकीत रंग पृष्ठभागाची चहाडी करतो. त्यात खोलीचं बिंब पडतं, आणि पत्रा शतांश मिलिमीटरने जरी दबला तरी बिंबातली खिडकीची चौकट वाकडी होते. माझी पन्हळ मला दिसली ती अशीच. रेघ म्हणून नाही, खिडकीच्या गजाला आलेला बाक म्हणून.

पहिला संशय प्रायमरवर. डबा नवा होता, आधी कधी न वापरलेला. दोन दिवस मी त्याच्या नावाने बोटं मोडली. पण प्रत्येक गाडीबरोबर एक-दोन प्लास्टिकचे चमचे त्याच दिवशी, त्याच डब्यांतून रंगवून ठेवायची मला सवय आहे. चमचे काढले, उजेडात फिरवले. स्वच्छ. रंग संशयातून सुटला.

दुसरा पुरावा गाडीवरच होता आणि तो बघायला मला चार दिवस लागले. मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे सांधेही त्याच शनिवारी जोडलेले, त्याच वेळी रंगवलेले, तरी तिथे रेघ नव्हती. वहीत पाहिलं तर रविवारी रात्री लांबीची ट्यूब संपल्याची नोंद. मागचे दोन सांधे मी सुपरग्लू आणि टाल्कम पावडरच्या मिश्रणाने भरले होते. म्हणजे एकाच टपावर, एकाच रात्री, दोन वेगळे पदार्थ. नियोजन करून इतका चांगला प्रयोग मला जमला नसता.

तरी एका गाडीवरून निष्कर्ष काढणं बरं नाही, म्हणून दोन मिलिमीटर जाडीच्या स्टायरिनच्या पट्ट्या घेतल्या. प्रत्येकीत एक मिलिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडली. एका पट्टीत ट्यूबमधली एकघटकी लांबी, दुसरीत हार्डनर मिसळायची दोनघटकी पॉलिएस्टर लांबी, तिसरीत सुपरग्लू-टाल्कम आणि चौथीत किटचे सुटे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिचे तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून केलेला चिकट काला. सुपरग्लूची पट्टी तासाभरात घोटली. ते उशिरा घोटायला घेतलं तर प्लास्टिकपेक्षा टणक होतं आणि आजूबाजूचं प्लास्टिकच झिजून मध्ये उंचवटा राहतो. बाकीच्या तीन पट्ट्या दुसऱ्या दिवशी सपाट घोटल्या. सगळ्यांवर प्रायमर आणि काळा. मग रोज नाही, पण आठवड्याला एकदा पोलादी पट्टी उभी टेकवून मागून उजेड धरायचा आणि फट दिसते का बघायचं.

एकघटकी लांबी पहिल्याच आठवड्यात आकसून खाली बसली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत उजेडाची बारीक चंद्रकोर स्पष्ट दिसायला लागली. चिकट काल्याचं त्याहून वाईट झालं, तो तर महिनाभर बसतच होता. दोनघटकी लांबी आणि सुपरग्लू जागच्या जागी.

कारण ऐकायला साधं आहे. एकघटकी लांबी सुकते ती तिच्यातलं द्रावक उडून गेल्यामुळे. जेवढं द्रावक गेलं तेवढं आकारमान गेलं. वरून कडक झाली म्हणजे आतून झाली असं नाही. साय आधी वरच धरते, आणि खाली अडकलेलं द्रावक मग आठवडे-आठवडे झिरपत राहतं. पातळ थरात हे चालून जातं. ओरखडे, बारीक खळगे यांसाठीच ती असते. एक मिलिमीटर खोल खड्डा तिने भरणं म्हणजे मुरमाच्या जागी चिखल टाकण्यासारखं. दोनघटकी लांबी रासायनिक क्रियेने घट्ट होते. तिला काही उडवून लावायचं नसतं, म्हणून ती बसत नाही म्हटलं तरी चालेल.

पण खांबांवरच्या रेघांचं काय? तिथे लांबी जवळपास नव्हतीच, नुसता सिमेंटचा सांधा. यासाठी पाचवी आणि सहावी पट्टी केली. दोन्हीत तुकड्याला तुकडा भिडवून पातळ सिमेंट सोडलं. एक दुसऱ्या दिवशी घोटली, दुसरी आठ दिवस थांबून. पहिलीवर नवव्या दिवशी रेघ आली, दुसरीवर आलीच नाही. सिमेंट हे खरं तर चिकटवत नाही. ते प्लास्टिक विरघळवतं, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, आणि त्या वेळी प्लास्टिक किंचित फुगतं. या फुगलेल्या अवस्थेत घोटून सपाट केलं की तेव्हा सपाट दिसतं. पुढे द्रावक निघून जातं, फुगवटा उतरतो, आणि सपाट केलेली जागा तेवढीच खोल जाते. तुम्ही फुगवटा घासून टाकलेला असतो. माल कमी झालेला असतो.

म्हणजे एकाच टपावर दोन वेगळी भुतं होती, आणि दोन्ही मी त्या रविवारीच गाडून ठेवली होती.

आता दुरुस्ती. सगळा रंग उतरवायचा का, हा पहिला प्रश्न. माझा रंग लॅकरचा होता. त्याला हलवेल असं तीव्र थिनर स्टायरिनलाही खातं, आणि आधीच तीन ठिकाणी जोडलेल्या टपाला मी ते लावणार नव्हतो. सौम्य अल्कोहोलने हा रंग जेमतेम मऊ झाला असता. मग घासून काढायचं ठरवलं, तेही फक्त टप. ड्यूसच्या खिडक्यांखाली अंगभर फिरणारी एक उठावाची पट्टी आहे, कंबरपट्ट्यासारखी. तिच्या वरच्या कडेला टेप लावली तर जुन्या-नव्या रंगाची सीमा तिथे आपोआप लपते. काळा रंग जुळवण्यात अडचण नसते. हाच गडद निळा मेटॅलिक असता तर अख्खी बॉडी पुन्हा करावी लागली असती.

काचा आणि आतला भाग काढायला दुपार गेली. मग पाणी लावून ४०० नंबरचा पॉलिश पेपर. काळा, करडा प्रायमर, आणि त्याखाली लांबीची पिवळट पट्टी उघडी पडली. सुरीच्या टोकाने उचकली तर वरचा थर कपचीसारखा निघाला, पण खालचा साबणाच्या वडीसारखा, नखाने दाबला की ठसा उमटेल असा. लावून पाच आठवडे झाले होते. ते बघून मी वहीत काही लिहिलं नाही, नुसती तारीख टाकली.

लांबी तळापर्यंत खरवडून काढली आणि जागा दोन दिवस उघडी ठेवली. या वेळी खड्डा लांबीने भरायचाच नाही असं ठरवलं. तिथे आडव्या पट्टीवर आणखी एक स्टायरिनची पट्टी बसवली, टपापेक्षा किंचित वर राहील अशी, आणि टपाच्या आतून एक रुंद आधारपट्टी लावली. आतला आधार मी पहिल्यांदा दिलाच नव्हता. टप धरून नुसतं जरा दाबलं तरी सांधा हलत असणार. लांबीने ताकद येत नाही, हे कळायला एवढी गाडी खर्ची घालायची गरज नव्हती.

मग वाट बघणं. दहा दिवस गाडी उघड्या डब्यात. सांधा सुकला का, हे ओळखायची रीत म्हणजे नाक. टपाखाली नाक नेऊन श्वास घ्यायचा, द्रावकाचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही. सहाव्या दिवशीही मंद वास येत होता. दहाव्या दिवशी गेला. मग पट्टी कानशीने टपाबरोबर आणली, उरलेल्या दोन सुईच्या टोकाएवढ्या खळग्यांत दोनघटकी लांबी भरली, ६०० ने घोटलं. खांबांवरच्या रेघा नुसत्या घोटून गेल्या. तिथे फुगवटा केव्हाच उतरून गेला होता.

प्रायमरचा पहिला कोट मुद्दाम पातळ दिला आणि आठवडाभर थांबलो. उजेडात पन्हळ नाही. मग काळा, तीन पातळ कोट. इथे एक हिशोब कायम डोक्यात ठेवावा लागतो. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटर झाली, तर ती खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखी दिसते. पाणी ओघळायची पन्हाळी, दरवाजाची फट, सगळं त्यात बुडतं. मी फटी रंगाआधी सुरीच्या पाठीने पुन्हा कोरून खोल केल्या होत्या, म्हणून वाचलो.

क्लिअर कोट नंतर दोन आठवडे, पुन्हा नाकाच्या परवानगीने, पॉलिशिंग. ३२०० पासून १२००० पर्यंतचे मऊ पेपर, पाणी आणि साबणाचा एक थेंब. इथे नवीन चूक केली. डाव्या खिडकीवरच्या पन्हाळीच्या कडेवर पेपर जरा जास्त फिरला आणि करडा प्रायमर डोळे मिचकावायला लागला. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो. पॉलिश करताना सगळ्या कडांवर टेपची बारीक पट्टी लावायची असते, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय. तेवढा दोन मिलिमीटरचा भाग काडीच्या टोकाने काळा केला. उजेडात धरला की मला दिसतो, दुसऱ्या कुणाला अजून दिसलेला नाही.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. पहिल्या खेपेला बाविसाव्या दिवशी रेघ दिसली होती, म्हणून बाविसाव्या दिवशी सकाळी गाडी त्याच खिडकीत, त्याच कोनात धरली. खिडकीचे गज सरळ होते. चाळिसाव्या आणि साठाव्या दिवशीही सरळ. उजव्या खांबावर, भिंगाखाली, सांध्याच्या जागी चमक किंचित वेगळी वाटते. ती रेघ आहे की माझा संशय, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि त्यासाठी मी टप तिसऱ्यांदा घासणार नाही.

सहाही पट्ट्या खिडकीच्या चौकटीत उभ्या आहेत, मागे नावं आणि तारखा लिहून. चिकट काल्याची चौथी पट्टी अजून बसतेच आहे.